पंखा चालू आहे ना?

दोन हजार सालानंतर एक-दोन वर्षांनी आमच्या घरी कॉम्प्युटर आला. चंद्रपुरातल्याच एका ओळखीच्या माणसाने सुटे भाग जोडून तो बनवून दिला होता. जोडताना त्याने जमेल तिथे काटकसर केली असावी, कारण बटण दाबलं की आपण पिठाच्या गिरणीशेजारी राहायला आलोय असं वाटायचं. डब्यात तीन पंखे होते. प्रोसेसरच्या डोक्यावरचा चिमुकला पंखा बिचारा गुपचूप फिरायचा. पण वीज देणाऱ्या पेटीतला आणि मागच्या पत्र्यावरचा, हे दोघे असे घरघरायचे की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "तुया गिरणीत दोन पायल्या ज्वारी टाकून देऊ का वं?"

सगळा दोष पंख्यांचा नव्हता. आमच्या गावची धूळ काळी. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. कोळशाची ती बारीक भुकटी पंख्याच्या कण्यात जाऊन बसली की नवा पंखाही महिन्याभरात म्हातारा होतो. मी शेजारणीकडून शिलाई मशीनचं तेल आणून दर पंधरवड्याला एकेक थेंब सोडायची. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा गिरणी सुरू.

घरात एकाच माणसाला हा आवाज आवडला, माझ्या वडिलांना. कॉम्प्युटर सुरू झाला त्याच दिवशी त्यांनी आपली खाट ओढत आणून माझ्या टेबलाला भिडवली, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपले. खदानीतून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत दुपारी त्यांचा डोळा लागलेला मी पाहिला नव्हता. उठल्यावर त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. "बंद करशीन तं सांगून करजो."

बाबा खदानीत पंख्यावर होते. खाली भुयारात कोळसा काढणाऱ्या माणसांना ताजी हवा लागते. ती ओढायला जमिनीवर एका खोलीत माणसापेक्षा उंच पंखा रात्रंदिवस फिरत असतो. ती खोली म्हणजे पंखाघर. आठ तास तिथे बसायचं, दर तासाला हवेच्या दाबाचा आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, आणि पंखा थांबला तर त्याच क्षणी भोंगा वाजवायचा, म्हणजे खालची माणसं कामं टाकून वर येतात. सव्वीस वर्षं बाबांनी हे एवढंच केलं. लहानपणी मला याची लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील कोळसा फोडायचे, मशिनी चालवायचे. माझे वडील पंख्याजवळ बसायचे.

खदानीबद्दल ते घरी एक शब्द बोलत नसत. लाइट गेली आणि घरातला पंखा थांबला की ते अंगणात जाऊन उभे राहायचे. आम्ही समजायचो उकडतंय म्हणून. पण हिवाळ्यात छताचा पंखा बंदच असे, तेव्हाही ते घरात नीट बसत नसत. घरातली शांतता त्यांना चावायची. कॉम्प्युटर आला तो हिवाळ्यातच, आणि त्याने ती शांतता घालवली.

मी घरी टायपिंगची कामं घ्यायची. लग्नपत्रिका, अर्ज, कुणाचा बायोडेटा. त्या हिवाळ्यात मला एक वेगळं काम मिळालं. एका कॉलेजच्या बाईंनी अहेरीकडच्या खेड्यांत फिरून म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती टेपवर घेतल्या होत्या. तळी कोणी खोदली, मासे कसे धरायचे, जंगलात काय खायचं, असलं सगळं. त्या कॅसेटी ऐकून मराठीतला भाग टाइप करायचा होता. म्हातारी माणसं मधेच गोंडीत शिरत, मधेच गप्प होत, आणि महत्त्वाचं जे असेल ते नेमकं पुटपुटत. कानाला हेडफोन लावला तरी पंख्यांची घरघर त्या पुटपुटण्यावर मात करायची. एक आजी आपल्या मेलेल्या लेकराबद्दल काहीतरी सांगत होती. ती टेप मी अकरा वेळा मागे नेली आणि मला शेवटचे चार शब्द काही केल्या लागले नाहीत. मला रडू यायच्या आधी राग येतो. मी उठून डब्याला चापट मारली.

मग मी जटपुरा गेटच्या आत रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेले. माझ्या हातात डाख देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची तार पहिल्यांदा त्यांनीच दिली होती, मी शाळेत असताना. मी आधी घरीच जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायचा खटका पंख्याच्या वायरीत जोडून पाहिला होता. तो दोन मिनिटांत धूर सोडून मेला. चाचांनी तो जळका खटका हातात घेतला, हुंगला आणि खो खो हसले.

"बेटा, इसकी जान कितनी, और तू त्याले पंखा ओढाले लावतं?" मग त्यांनी पेटीतून येणाऱ्या वायरी मला दाखवल्या. पिवळीत बारा व्होल्ट, लालमध्ये पाच, काळीत काही नाही. पंखा पिवळ्या आणि काळ्यात जोडला तर पूर्ण बारा. पिवळ्या आणि लालमध्ये जोडला तर, "बारातून पाच गेले, राहिले सात. सातवर पंखा फिरते, बोलत नाई."

त्यांनी मला टेपरेकॉर्डरचं तीन जागी थांबणारं बटण दिलं. वर केलं की पंखे जोरात, खाली केलं की हळू, मधे ठेवलं की बंद. पेटी त्यांनी स्वतः उघडली, तिथे माझा हात लावू दिला नाही. तिच्या पंख्याची वायर बाहेर काढून दिली. बाकीचं मी घरी केलं. डब्याच्या पुढच्या रिकाम्या खणाच्या प्लास्टिकला तापलेल्या खिळ्याने भोक पाडलं, बटण बसवलं, दोन्ही पंखे त्याला जोडले. धुळीने जड झालेले पंखे सातवर आपणहून सुरू होत नसत, म्हणून आधी बटण वर, पंखे पळायला लागले की खाली. आणि टेपवर कुणी अगदीच पुटपुटायला लागलं की मधे. "मधे जास्त टाइम ठेवशील तो सब जल जायेगा," चाचांनी बजावलं होतं. दहा मिनिटं मी माझ्याच मनाने ठरवली.

पहिल्या दुपारी मी बटण मधे केलं तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. खोली एकदम रिकामी झाली. टेपमधली आजी स्वच्छ बोलायला लागली, आणि बाबा ताडकन उठून बसले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माझ्या घरात, माझ्या टेबलाशेजारी एक भ्यालेला अनोळखी माणूस बसला होता.

"पंखा?"

"मी बंद केलाय बाबा. दहा मिनिटं."

ते उठले, बाहेर गेले, अंगणात पाठमोरे उभे राहिले. मी पंखे सुरू करेपर्यंत ते आत आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही हेच झालं. तिसऱ्या दिवशीही. माझं काम रखडलं होतं, बाईंचे निरोप येत होते, आणि मी वैतागले होते. चौथ्या दिवशी मी बटणावर अंगठा दाबून धरला आणि आवाज न करता ते मधे सरकवलं. बाबा हलले. भिंतीकडे तोंड ठेवूनच त्यांनी विचारलं, "पंखा चालू आहे ना?"

"हो," मी म्हटलं.

खोटं बोलण्यामागे माझा काही मोठा विचार नव्हता. मला फक्त ती टेप ऐकायची होती.

मला वाटलं ते उठून बघतील. ते उठले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी एक हात कानावर ठेवला, मग काढला. "खरंच चालू आहे?"

"चालू आहे हो बाबा. झोपा."

आणि ते झोपले! पंखे बंद असताना, त्या खोलीत, अगदी लेकरासारखे झोपले. मी कामाला लागले.

मग हा रोजचा नेम झाला. दुपारी चार-पाच वेळा मी बटण मधे करायची. दर वेळी, अगदी दर वेळी, दोन क्षणांत भिंतीकडून प्रश्न यायचा, आणि मी टेपमधून मान वर न करता हो म्हणायची. माझ्या 'हो'वर ते विश्वास ठेवायचे. विचारायचं त्यांनी एकदाही चुकवलं नाही. पंखे खरोखर चालू असताना त्यांनी कधीच विचारलं नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ लक्षात आला नव्हता.

महिनाभरात ते सगळ्यांना सांगायला लागले की आपले कान गेले. दाढी करणाऱ्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. "पोरीचा पंखा चालू राह्यते, मले आयकूच येत नाई," असं सांगताना त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. उलट एखाद्याला नोकरीची ऑर्डर आल्यावर तो चारचौघांना सांगतो तसं ते सांगायचे. आई म्हणाली डॉक्टरकडे जाऊ. ते म्हणाले, "कायले? गेले तं गेले."

मला मात्र आता घास गोड लागेना. धडधाकट माणसाला मी बहिरा ठरवून ठेवलं होतं. एके दिवशी आई तांदूळ निवडत असताना मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, बाबांना पंख्याचं एवढं काय आहे?

आईने आधी दाराकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात तिने जे सांगितलं ते मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं.

बाबांचा एक जिवाभावाचा दोस्त होता. पोंभुर्ण्याकडच्या एकाच गावचे, एकाच तळ्यात मासे धरत वाढलेले. बाबांनीच त्याला खदानीत लावून घेतलं. तो खाली, सगळ्यात खोल जागी, पाणी उपसणाऱ्या पंपावर एकटा असायचा. त्याने उपसलेलं पाणी पाइपातून पंखाघराच्या मागे डबक्यात पडायचं. त्या डबक्यात मासे झाले, आणि बाबा ड्यूटीवर तिथे गळ टाकून बसायला लागले. पंखाघराकडे पाठ, पण कान पंख्याकडे. आवाज येतोय तोवर ड्यूटी चालू आहे, असा त्यांचा हिशेब. रजिस्टरातले आठही आकडे ते सकाळीच भरून टाकायचे. पंखाघरातले सगळेच तसं करायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला एका दुपारी पंख्याचा पट्टा निसटला आणि पंखा थांबला. बाबांना कळलंच नाही. वर्षानुवर्षं तोच आवाज ऐकून तो कानात भरून राहिला होता, पंखा थांबल्यावरही कानात वाजतच राहिला. लक्षात आलं तेव्हा ते धावले, पट्टा चढवला, पंखा सुरू केला. भोंगा वाजवला नाही, कारण आता पंखा सुरू झाला होता. वरच्या गल्ल्यांत, म्हणजे भुयारातल्या वाटांत, कुणाला फारसं काही जाणवलं नाही. खोलात मात्र हवा कोंदली होती. दोस्त पंपाजवळ सापडला नाही. वाट अडवून बंद केलेल्या एका जुन्या गल्लीत, थोडा आत, मेलेला सापडला. चौकशी झाली. रजिस्टरात सगळे आकडे बरोबर होते, पंखा चालू होता असंच ठरलं. मग तो त्या बंद गल्लीत गेलाच कशाला? पिऊन झोपायला गेला असेल, असं लोक म्हणाले आणि तेच पक्कं झालं.

"त्याईचे कान फसले त्या दिवशी," आई म्हणाली. "त्याईचा काय गुन्हा त्यात? पन मनातून जात नाई ना."

त्या दुपारी मी बाबांकडे बघत बसले. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या या माणसाच्या कानात एक मेलेला माणूस राहत होता, आणि मी त्यांच्या कानांशी खेळ मांडला होता. मला माझीच किळस आली. मी ठरवलं, आता खरं सांगून टाकायचं. त्यांचे कान चांगले आहेत हे कळलं तर ते सुखावतील. मला खरंच असं वाटलं होतं. इतकी वर्षं झाली, पण माझ्या त्या वेळच्या शहाणपणावर मला आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी त्यांना टेबलापाशी बसवलं, डब्याचं झाकण काढलं आणि ते बटण दाखवलं. वर जोरात, खाली हळू, मधे बंद. तिन्ही करून दाखवलं. मग सांगितलं की रोज दुपारी मी पंखे बंद करत होते आणि तुम्हाला चालू आहे म्हणून सांगत होते. माझं चुकलं. "पण बाबा, तुमचे कान एकदम ठणठणीत आहेत."

ते बटणाकडे बघत राहिले.

"मले जवा जवा बंद वाटला, तवा तवा बंदच होता?"

"हो."

"एकबी खेप चुकलो नाई मी?"

"एकदाही नाही," मी हसून म्हटलं.

त्यांनी बोटाने बटण वर केलं, मधे आणलं, पुन्हा वर केलं, पुन्हा मधे आणलं. मग म्हणाले, "मंग त्या दिवशीबी आयकू आलंच होतं."

मला कळेना. ते माझ्याशी बोलतही नव्हते, त्या डब्याशी बोलत होते.

"मरळ लागली होती गळाले. मोठी होती. पंखा बंद पडला ते कानानं घेतलं माया. म्या म्हटलं, येवढी काढतो अन् जातो. पट्टा तं नेहमीच निसटे. पाइपातून पानी पडतच होतं, म्हटलं तो खाली बरा आहे. ते मरळ काढाले येळ लागला. तुया मायले सांगितलं, कान फसले. सांगू सांगू मलेबी तेच खरं वाटे. अन् तू म्हटलं पंखा चालू आहे, अन् मले आयकू नाई ये, तं मले वाटलं, बरं झालं. कान खराबच आहेत. तवाबी खराबच असतीन."

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. ते रडले नाहीत. मी काहीबाही बोलत होते, वय झालं की कान कमीजास्त होतात, तेव्हाचं वेगळं, आत्ताचं वेगळं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता खोटं नोको बोलू, बाई."

त्यानंतर दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि सांगितलं, गावाला जायचं आहे. आई म्हणाली, आता इतक्या वर्षांनी कशाला? ते चपला घालत राहिले. त्यांना एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मीही निघाले. पोंभुर्ण्यापर्यंत बस, पुढे एका भरलेल्या जीपमध्ये, आणि शेवटी तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालत. दोस्त गेल्यापासून बाबांनी त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. स्वतःच्या पुतण्याच्या लग्नालाही आजारी असल्याचं सांगून ते घरी राहिले होते, हे मला त्या पाळीवर आठवलं.

दोस्ताची बायको अंगणात बारीक मासळी वाळत घालत होती. माझ्या आईच्याच वयाची, पण वाळून गेलेली. तिने बाबांना ओळखलं, पदर सारखा केला, "या भाऊ" म्हणाली आणि बाज टाकली. बाबा बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. गळ, मरळ, निसटलेला पट्टा, न वाजवलेला भोंगा, सकाळीच भरलेलं रजिस्टर. कानांचं नाव त्यांनी काढलं नाही. मी खाली बघत होते. मला वाटत होतं, ती आता किंचाळेल, शिव्या देईल, हातातली टोपली फेकेल. बाबाही त्याचीच वाट बघत होते असं मला वाटतं.

तिने टोपली खाली ठेवली.

"मंग थो पेला नव्हता?"

"नाई, वहिनी."

"झोपाले नव्हता गेला तिकडं?"

"नाई. हवा खराब झाली का मानसाले बाजू समजत नाई. थो बाहेर याले निंगाला असन. रस्ता चुकला."

एक कोंबडी मासळीकडे आली, तिला तिने हाकललं. मग ती बोलायला लागली, तेही बाबांकडे न बघता. गावात अजूनही पोरं तिच्या लेकरांना चिडवतात, तुझा बाप खदानीत दारू पिऊन मेला म्हणून. तिच्या लेकीची सोयरीक त्यावरून मोडली. सासू मरेपर्यंत तिलाच बोल लावत राहिली, तूच त्याला पिऊ दिलं. आणि तो तर दारूला हात लावत नव्हता, हे ती सांगून सांगून थकली आणि मग तिनेही सांगणं सोडून दिलं. शेवटी शेवटी तिलाही वाटायला लागलं होतं की पीतही असेल.

एवढं बोलून तिने दाराआडच्या चपला काढल्या, पायात घातल्या.

"चाला, भाऊ."

"कुठी?"

"घरोघरी. मले सांगितलं तसंच सांगा."

ती पुढे, बाबा मागे, त्यांच्या मागे मी. पहिल्या घरी एक म्हातारा खाटेवर बसला होता. तिने त्याला हाक मारून उठवलं, घरातल्या बायांना बाहेर बोलावलं, सगळे उभे राहिल्यावर ती बाजूला सरकली आणि बाबांनी सांगितलं. आम्ही पुढच्या घरी गेलो. तिथे कुणीतरी मधेच विचारलं, मासा केवढा होता? बाबांनी हात पसरून दाखवला. त्याच्या पुढच्या घरी एक बाई त्यांच्या तोंडावर थुंकली आणि आत निघून गेली. बाबांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि उरलेल्या लोकांना राहिलेलं सांगितलं. मला त्यांचा हात धरून पाळीवरून पळत सुटावंसं वाटत होतं. मी धरलाही. त्यांनी तो सोडवून घेतला.

आठव्या घराशी त्यांचा आवाज बसला. ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येईनात. तेव्हा ती त्या घरात गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि त्यांच्यापुढे धरलं.

"प्या, भाऊ," ती म्हणाली. "अजून लय घरं आहेत."